नवं कार्ड शाखेतून घेताना

डेबिट कार्ड टपालाने घरपोच येतं. पण पत्ता बदललेला असेल किंवा घर दिवसभर बंद असेल, तर ते आपल्या शाखेतून स्वतः घेणं अधिक सुरक्षित.

जाताना पासबुक, मूळ ओळखपत्र आणि बँकेत नोंदवलेला मोबाइल सोबत ठेवा. पाकीट बंद आहे ना, हे पाहूनच पोच म्हणून सही करा. ते तिथेच उघडून नाव आणि मुदत तपासा. पाकीट फाटलेलं असेल, तर घेऊ नका; अधिकाऱ्यांना लगेच सांगा.

आता पिन. शक्यतो आपल्याच बँकेच्या एटीएमवर, मोबाइलवर आलेला ओटीपी वापरून तो स्वतः तयार करा. बटणं दाबताना दुसऱ्या हाताने आडोसा करा. रांगेतल्या अनोळखी माणसाची मदत घेऊ नका. पिन आणि ओटीपी बँकेचे कर्मचारीही कधी विचारत नाहीत.

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नवं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर चालतं. ऑनलाइन किंवा परदेशातला वापर गरज असेल तरच सुरू करा, आणि मर्यादा ठरवून घ्या. जुनं कार्ड बंद झाल्याची खात्री करून चिपसह कापून टाका.

तरीही फसवणूक झालीच, तर संकोच करू नका. लगेच बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे वाचण्याची शक्यता जास्त.