शाळेच्या कुंपणास करवंदीची जाळी
(शिक्षकांच्या मासिक सभेत केलेले भाषण)



वनस्पतींचा पाठ घेताना आपण मुलांपुढे बहुधा वड, पिंपळ, आंबा हेच वृक्ष ठेवतो. ज्या झुडपाच्या काट्यांनी त्याच मुलांचे सदरे फाटतात, त्याकडे आपले लक्ष जात नाही. ते झुडूप करवंदीचे. संस्कृतात ह्यास करमर्द म्हणतात. सह्याद्रीच्या उतारावर आणि कोकणातील कातळाच्या कडेने ते आपोआप उगवते. वैशाखात भोवतालचे गवत करपून गेले तरी त्याची जाळी हिरवीच असते.

हे झुडूप ओळखण्यास सोपे आहे असे मीही समजत होतो. एका शाळेत असताना मी मुलांस सांगितले की, पान खुडले असता पांढरा चीक येतो व फळ पिकल्यावर काळे होते, ते करवंद. त्या शाळेच्या आवारात पिवळ्या कण्हेरीची रांग होती. शेळ्या तोंड लावीत नाहीत म्हणून ती कोणी तरी लावली असावी. काही दिवसांनी दुसरीतील एक मुलगा काळे पडलेले फळ मुठीत घेऊन आला व म्हणाला, “गुरुजी, एवढे मोठे करवंद!” कोंबडा निघतो की कोंबडी हे पाहण्यासाठी तो ते फोडणार होता. पिवळ्या कण्हेरीचे सर्वांग विषारी, त्यातही बी अधिक. माझ्या दोन्ही खुणा त्या फळास लागू पडत होत्या. चूक मुलाची नव्हती.

तेव्हापासून मी खुणा एकत्रच शिकवितो. करवंदीची पाने समोरासमोर, जोडीने येतात. ती जाड, तुकतुकीत व टोकाशी बोथट असतात. पिवळ्या कण्हेरीची पाने लांब, अरुंद व एकाआड एक असतात. करवंदीचा काटा ताठ, जोडीने येणारा व पुष्कळदा टोकाशी दुभागलेला. कण्हेरीस काटा मुळीच नाही. करवंदीचे फूल पांढरे, पाच पाकळ्यांचे, जाईची आठवण करून देणारे व सुवासिक असते. दोन्ही वनस्पती एकाच कुळातील आहेत, म्हणून चीक दोघींसही आहे. चीक ही खूण शेवटी सांगावी.

आता लागवडीविषयी. फूल माघ-फाल्गुनात, म्हणजे शाळा भरलेली असताना येते. फळ मात्र सुटीत पिकते. मी एकदा बी धुऊन, वाळवून बाटलीत भरून ठेवले आणि पुढील वर्षीच्या पावसाळ्यात पेरले. जवळजवळ काहीच उगवले नाही. हे बी फार दिवस टिकत नाही. म्हणून सुटी लागतानाच मुलांस सांगून ठेवावे की, मे महिन्याच्या अखेरची पूर्ण पिकलेली फळे खावीत, बी धुऊन सावलीत एक-दोन दिवस सुकवावे आणि परसात गादीवाफा करून लगेच पेरावे. फांदी लावून पाहण्याच्या खटपटीत पडू नये. ती सहसा मूळ धरीत नाही.

रोपे वर्षभर वाढू द्यावीत व पुढील जूनमध्ये आवाराच्या कडेने दोन-दोन हातांवर लावावीत. पाणी साचणारी जागा टाळावी. मुरमाड जमीन चालते. पहिली दोन वर्षे कोवळा शेंडा शेळ्या खातात, म्हणून बाभळीच्या काट्यांचा आडोसा हवा. पुढे जाळी आपले रक्षण आपणच करते. ओट्याजवळ व दाराजवळ मात्र ती लावू नये. लहान मुलांच्या डोळ्यांस काट्याचे भय असते.

बियांपासूनच्या झुडपास फळ धरण्यास तीन-चार वर्षे लागतात. तोवर आपल्यापैकी पुष्कळांची बदली झालेली असेल. ह्यासाठी लागवडीची तारीख, जागा व रोपांची संख्या शाळेच्या नोंदवहीत लिहून ठेवावी, म्हणजे नवे गुरुजी रान माजले म्हणून त्यावर कोयता चालविणार नाहीत.