पोट लहान करण्यापूर्वी
(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आम्ही उभे राहिलो की विद्यार्थी वह्या काढतात, कारण दरवर्षी आम्ही बँकेच्या परीक्षांवर बोलतो. यंदा वह्या मिटून ठेवल्या तरी चालतील. कार्यकारिणीने विषयाची निवड आमच्यावर सोपवली आणि आम्ही विषय सांगितला तेव्हा सचिवसाहेब क्षणभर गप्प झाले. "हा विषय इथे?" असे त्यांनी विचारले. दारूबंदीवर या व्यासपीठावरून किती भाषणे झाली याची गणती नाही, आणि ती व्हायलाच हवीत. पण भाषण संपल्यावर मागच्या खोलीत जे ताट वाढले जाते, त्यावर कोणी बोलल्याचे आम्हांस आठवत नाही.

विषय असा आहे की, ज्याला खाणे आवरत नाही अशा माणसाने वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही. हा प्रश्न आम्ही पुस्तकातून उचललेला नाही. गेली दोन वर्षे तो आमच्या घरात मुक्कामाला आहे. आमची उंची पाच फूट सहा इंच आणि वजन १२१ किलो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बीएमआय म्हणतात. आमचा आकडा ४३ येतो. मधुमेह आहे. झोपेत श्वास अडकतो, त्यामुळे पत्नी रात्री दोनदा उठून आम्हांला हलवते. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला तेव्हा आम्हांला धक्का बसला नाही. खरे सांगायचे तर आनंद झाला. आता आपल्याला काही करावे लागणार नाही, जे काय करायचे ते शल्यवैद्य करील, असे वाटले. तो आनंदच चुकीचा होता, हे कळायला पुढे बरेच महिने गेले.

आमचे खाणे कसे होते ते सांगतो. डबा आम्ही सर्वांबरोबर खायचो, दोन पोळ्या आणि भाजी. सहकारी म्हणायचे, एवढेसे खाता तरी अंग कसे? कॅश काउंटरच्या खालच्या खणात फरसाणाची पिशवी असे. संध्याकाळी स्टेशनबाहेर तीन वडापाव उभ्याउभ्या खायचे, हात रुमालाने पुसायचे आणि घरी येऊन भूक लागल्याचे सांगायचे. चव कळत नसे. पोट भरल्याचे कळे, पण हात थांबत नसे. खाऊन झाल्यावर जी शरम वाटे ती बुडवायला पुन्हा खाणे. दिवसभर दुसऱ्यांची रोख पैशापैशाने जुळवणारा माणूस स्वतःच्या पोटात काय गेले याचा हिशेब लपवत होता.

याला व्यसन म्हणावे का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली अन्नाचे व्यसन मोजण्यासाठी पंचवीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. तरीही मानसोपचारतज्ज्ञांच्या अमेरिकन सूचीत, २०१३ च्या आवृत्तीत, 'अन्नाचे व्यसन' असा स्वतंत्र आजार नाही. मात्र ताबा सुटून, थोड्या वेळात भरमसाट खाणे आणि नंतर त्याची खंत करीत बसणे, हा आजार म्हणून त्याच आवृत्तीत स्वतंत्रपणे दाखल झाला. आमचे मत विचाराल तर नावाचा वाद विद्वानांनी घालावा. दारू सोडणाऱ्याला गुत्त्याचा रस्ता टाळता येतो. अन्न सोडणाऱ्याला रोज तीन वेळा गुत्त्यात जाऊन मोजकेच पिऊन परतायचे असते, एवढा फरक आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

हे कुठून आले याचाही आम्ही विचार केला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही पाळण्यातून नुकतेच बाहेर पडलो होतो. वडील पुन्हा गिरणीत गेले नाहीत. नायगावच्या बीडीडी चाळीत आईने धुणीभांडी करून आम्हां भावंडांना वाढवले. ताटात शीत टाकायचे नाही, समोर आले की संपवायचे, उद्याचे कोणी पाहिले, हा तिचा कायदा होता. त्या दिवसांत तो बरोबरच होता. आज आमच्या घरात फ्रिज आहे, पगार दरमहा खात्यात जमा होतो, पण हात अजून १९८८ सालातच आहे. आपल्यातल्या अनेक घरांत हे असे आहे. आम्ही आईला दोष देत नाही. उपाशी राहिलेल्या माणसाला भरपूर वाढणे हीच आपल्याकडे मायेची भाषा राहिली.

उपाय केले नाहीत असे नाही. एका वर्षावासात आम्ही अष्टशील घेतले, दर पौर्णिमेला उपोसथ, दुपारी बारानंतर अन्न नाही. लोकांनी कौतुक केले. आम्ही मात्र मनात वजनाचा काटा धरून शील पाळत होतो. पहिल्या दोन पौर्णिमा पार पडल्या. तिसऱ्या पौर्णिमेला रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात अंधारात उभे राहून गूळ आणि शिळा भात खात असताना लेकीने दिवा लावला. ती काही बोलली नाही, दिवा मालवून परत गेली. शीलाचा दोष नव्हता. आम्ही त्याचा चाबूक केला होता.

आता शस्त्रक्रियेविषयी. आमच्या वस्तीत तिच्याविषयी दोन समजुती आहेत. एक, पोटातून चरबी काढून घेतात. दुसरी, ती श्रीमंतांची हौस आहे. दोन्ही खऱ्या नाहीत. १९६६ साली अमेरिकेतल्या आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया सुरू केली. आज आपल्याकडे दोन प्रकार अधिक चालतात आणि दोन्ही दुर्बिणीतून होतात. पहिल्यात जठराचा सुमारे पाऊण ते ऐंशी टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. काढलेल्या भागातच भुकेची जाणीव देणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यत्वे तयार होते, त्यामुळे भूकही ओसरते. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. मधुमेहावर दोन्हींचा उपयोग होतो आणि कित्येकांची औषधे कमी होतात. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली आले. त्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी आढळले. तेव्हा हिला हौस म्हणणे अन्यायाचे आहे.

परंतु नंतरचे आयुष्य समजून घेतले पाहिजे. घास लहान, चावणे भरपूर, जेवताना पाणी नाही, प्रथिने आधी. जीवनसत्त्व बी-१२, लोह, कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर. वळशाच्या शस्त्रक्रियेनंतर गोड खाल्ले तर छातीत धडधड, घाम, चक्कर. आणि ज्याची आम्हांला कोणी आपणहून कल्पना दिली नव्हती ते असे, की लहान झालेल्या पोटातून आइस्क्रीम, मिल्कशेक, तोंडात विरघळणारे वेफर्स सहज खाली उतरतात. भाकरी अडकते, आइस्क्रीम अडकत नाही. दोन-तीन वर्षांनी अनेकांचे वजन थोडेफार परत चढते, आणि ज्यांचे खाणे ताब्याबाहेरचे असते त्यांनी विशेष जपावे लागते.

याहून गंभीर गोष्ट पंचशीलातल्या पाचव्या शीलाशी जोडलेली आहे. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी दारूच्या समस्येचे प्रमाण आधीपेक्षा वाढले, आणि वळशाच्या शस्त्रक्रियेत धोका अधिक होता. त्या शस्त्रक्रियेनंतर दारू रक्तात झपाट्याने चढते हे एक कारण. दुसरे असे सांगतात की मनाचा आधार जेवणातून काढून घेतला की मन दुसरा आधार शोधते. घरात दारूचा इतिहास असेल तर डॉक्टरांना तो आधीच सांगावा. शरम बाळगू नये.

आम्ही बाळगली. शस्त्रक्रियेपूर्वी मानसतज्ज्ञांची भेट असते. त्या बाईंनी विचारले, लपून खाता का? आम्ही म्हणालो, नाही. एका बैठकीत किती खाता? म्हणालो, दोन पोळ्या. परीक्षेत पास व्हायची सवय असलेला माणूस तिथेही पासच व्हायला गेला होता. फाइलवर सर्व ठीक असा शेरा आला आणि आम्ही पेढे घेऊन घरी आलो. शस्त्रक्रिया मंजूर झाली म्हणून पेढे! पत्नीने बॉक्स पाहिला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांना खरं सांगितलंत का?" आम्ही चिडलो. ती एवढेच म्हणाली, "पोट तुमचं कापतील, पण खणातली पिशवी कोण काढणार?"

त्या रात्री आम्ही संयुत्त निकायातले दोणपाक सुत्त पुन्हा वाचले. पूर्वी वाचले होते तेव्हा हसलो होतो. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर तांदळाचा भात आणि वर कालवणे खाऊन, धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला हिणवले नाही, उपवास सांगितला नाही. जागृत राहून भोजनाची मात्रा जाणणाऱ्याचे क्लेश कमी होतात, अशा आशयाची एक गाथा म्हटली. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करून जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितले आणि त्यासाठी रोज शंभर कहापण द्यायचे ठरवले. अट्ठकथेत तर असे आहे की शेवटच्या घासाला गाथा ऐकवायची, राजाने तो घास ठेवून द्यायचा, आणि त्या घासात जितकी शिते तितके तांदूळ पुढच्या वेळी कमी शिजवायचे. राजा हळूहळू नाळीभर भातावर आला.

यात आम्हांला एक गोष्ट पहिल्यांदाच दिसली. राजाने हे एकट्याने केले नाही. आपण कसे खातो ते त्याने दुसऱ्या माणसाला रोज समोर बसून पाहू दिले. आमचे सगळे खाणे कोणी पाहू नये म्हणून रचलेले होते.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा मानसतज्ज्ञांकडे गेलो आणि खणापासून स्टेशनपर्यंत सगळे सांगितले. वाटले, आता फाइल बंद. बंद झाली नाही. त्या म्हणाल्या, यामुळे शस्त्रक्रिया नाकारली जात नाही, क्रम बदलतो. आधी यावर उपचार, मग तारीख. सहा महिने दर पंधरवड्याला बैठक. किती खाल्ले यापेक्षा केव्हा, कुठे, खाण्याआधी काय घडले होते, हे वहीत लिहायचे. कारकुनाला वही लिहायला काय कष्ट! पण पहिले पान लिहिताना हात थरथरला. वडापावच्या आधी बहुतेक वेळा काउंटरवरचा एखादा अपमान असे, हे वहीनेच सांगितले. ताबा सुटण्याचे प्रसंग आठवड्यातून पाच-सहा होते, ते महिन्यातून दोनावर आले. वजन मात्र चारच किलो उतरले. म्हणजे मन थोडे ताळ्यावर आले, पण शरीराचा आजार राहिलाच. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार आम्ही सोडला नाही. ज्येष्ठ उपासकांपैकी एकांनी विचारले, "इच्छाशक्ती नाही म्हणून पोट कापायचं का दादा?" त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता. आम्ही आदराने गप्प राहिलो.

पैशाचे थोडक्यात सांगतो, कारण बँकवाल्याला ते विचारले जातेच. वैद्यकाचा आकडा एक आणि विम्याचा दुसरा आहे. अमेरिकेत १९९१ साली बीएमआय ४० किंवा गंभीर आजारांसह ३५ ही मर्यादा ठरली होती. आशियाई लोकांना कमी वजनातही मधुमेह गाठतो म्हणून आपल्याकडे ३७.५ आणि ३२.५ धरले गेले, आणि २०२२ साली नव्या शिफारशींनी मर्यादा आणखी खाली आणल्या. पण विमा नियामकाने २०१९ साली ठरवून दिलेल्या कलमात ४०, किंवा विशिष्ट गंभीर आजार असतील तर ३५, हेच आकडे आहेत. वय अठरा पूर्ण हवे, डॉक्टरांचा सल्ला हवा. पॉलिसीतले ते कलम स्वतः वाचा, एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. २०२५ पासून आपल्याकडे वजन कमी करणारी नवी इंजेक्शनेही मिळू लागली आहेत. तीही आम्ही डॉक्टरांना विचारली. आमच्या आकड्याला शस्त्रक्रिया अधिक उपयोगी, असे त्यांचे मत पडले. तुमच्या बाबतीत ते वेगळे असू शकते.

विद्यार्थ्यांना एक सांगायचे आहे. तुमच्या वर्गात ज्या मुलाला जाड्या म्हणतात, तो मधल्या सुट्टीत तुमच्यासमोर कमी खात असेल तर त्याला पथ्य समजू नका. आम्हीही तसेच खात होतो.

सध्या रात्री जेवताना लेक समोर बसते. गाथा तिची पाठ आहे, पण म्हणत नाही. अर्धे ताट झाले की विचारते, "बाबा, अजून भूक आहे का?" आहे म्हटले तर वाढते. शंभर कहापणांऐवजी महिन्याच्या मोबाइल रिचार्जवर सौदा ठरला आहे. खणात आता चलनांचे गठ्ठे आहेत. मागच्या गुरुवारी स्टेशनबाहेर एक वडापाव खाल्ला, घरी येऊन सांगितला आणि वहीत लिहिला.

शस्त्रक्रियेची तारीख अश्विन पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात मिळाली आहे. यकृत आकसावे म्हणून आधीचे दोन आठवडे पातळ आहार आहे. भीती वाटते. अनुभवी केंद्रांत जिवाचा धोका हजारी एक-दोन इतका सांगतात, पण तो एक आपण नसू असे लिहून कोणी देत नाही. पत्नीच्या नावाने नामांकन तपासून घेतले आहे, हे सहकाऱ्यांनी हसण्यावारी नेले, तिने नेले नाही.

मागच्या खोलीत भोजनदानाची तयारी झाली आहे असा इशारा सचिवसाहेब करीत आहेत. आमचे ताट लेक वाढणार आहे. कृपया कोणी आग्रह करू नये, ही नम्र विनंती.

नमो बुद्धाय. जयभीम.