बाहेरचा पारा आणि घरातला गारवा
(मंडळाच्या गणेशोत्सवात सभासदांपुढे दिलेले भाषण)



काल याच व्यासपीठावर नाट्यगीते रंगली आणि आज मी एसीवर बोलायला उभा आहे. पण दिल्लीत एक जरी मे महिना काढलेल्या माणसाला हा विषय परका वाटणार नाही.

माझी आई ७९ वर्षांची. साताऱ्याहून ती आमच्याकडे राहायला आली. इथला उकाडा तिला सोसेना आणि एसीच्या गारव्याने गुडघे धरू लागले. रात्री दोनदा उठून रिमोट शोधणे हे माझे काम झाले. शेवटी हे काम यंत्रावर सोपवायचे ठरवले. बाल्कनीत तापमापक, खोलीत रिमोटसारखे इशारे देणारी डबी आणि दोघांमध्ये एक साधा नियम : बाहेर पारा चढला की एसी सुरू, उतरला की बंद.

एसी किती अंशांवर ठेवायचा, हाही प्रश्न होता. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे स्टार लेबलचे नवे एसी सुरू करताच २४ अंशांवर येतात. ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो की तापमान एक अंश वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी भारतीय कार्यालयांचा अभ्यास करून एक सूत्र मांडले. बाहेरचे सरासरी तापमान जसे वाढते, तसे माणसाला आत सुखद वाटणारे तापमानही वाढते. कधी खिडक्या उघड्या, कधी एसी अशा इमारतीत बाहेरची सरासरी २५ असेल तर आत सुमारे २५ अंश, आणि ३५ असेल तर साडेसत्तावीस. मी घरात याच हिशेबाचा आधार घेतला, जोडीला पंखा ठेवला.

आता माझ्या चुका ऐका. तापमापक मी एसीच्या बाहेरच्या युनिटशेजारी टांगला होता. त्याचीच गरम हवा लागून पारा चढे आणि एसी थांबतच नसे. मग तो उत्तरेच्या सावलीत हलवला. पुढे २८ अंशांच्या आसपास एसी सारखा चालू-बंद होऊ लागला. म्हणून २८ ला सुरू आणि २६ ला बंद असे अंतर ठेवले. कॉम्प्रेसरला मध्ये तीन मिनिटे विसावा दिला.

पण खरी चूक ऑगस्टमध्ये कळली. पाऊस पडून गेला, पारा २६ च्या खाली आला, यंत्राने इमानेइतबारे एसी बंद केला. हवेत दमटपणा एवढा, की घाम वाळेना. पहाटे पाहतो तो आई घामाने चिंब होऊन पलंगावर बसलेली. कोणी नियम बिघडवू नये म्हणून रिमोट मी कपाटात ठेवला होता. “मला उठवलं का नाहीस?” म्हटले तर म्हणाली, “तुला सकाळी ऑफिस असतं. आणि तुझ्या यंत्राला कळत असेल, म्हटलं.”

मंडळी, त्या वाक्याने मी खजील झालो. म्हातारपणी घाम कमी येतो, तहानही उशिरा जाणवते. त्यामुळे उकाड्याचा धोका वृद्धांना जास्त. माझ्या यंत्राला बाहेरचा पारा कळत होता. आईचा जीव घाबरा झालेला कळत नव्हता.

आज नियमात खोलीतला दमटपणाही धरला आहे. तापमापकाची बातमी येईनाशी झाली, तर एसी बंद न होता २६ वर चालू राहतो. आणि रिमोट आईच्या उशाशी असतो. तिने बटण दाबले की सकाळपर्यंत यंत्राने गप्प बसायचे.

आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील गाव सोडून आपल्यासाठी इथे आले आहेत. घरात यंत्रे जरूर आणा, वीजही वाचवा. पण रिमोट त्यांच्या हाताशी ठेवा, आणि रात्री हाक मारायला त्यांना संकोच वाटणार नाही, एवढे पाहा.

गणपती बाप्पा मोरया!