गोळी मधेच सोडू नका

पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाण्यात पसरलेला. बोअरचं खारं पाणी नि किडनीचे पेशंट, दोन्ही आपल्या ओळखीचे. पण वाढलेलं बीपी आणि शुगरही किडनी गुपचूप खराब करतात. दुखत काहीच नाही. म्हणून आम्ही गटाच्या बैठकीला आशाताईंना बोलावतो. तिशीपुढच्यांची तपासणी उपकेंद्रात फुकट होते. बीपीचा वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 पुन्हा पुन्हा आला, तर डॉक्टरांना दाखवायचं. दिवसाचं मीठ जेमतेम एक चहाचा चमचा. त्यातच लोणचं, पापड, ठेचा आला. "आता बरं वाटते" म्हणून गोळी सोडणाऱ्या आमच्यात पुष्कळ. अहो, बरं वाटतं ते गोळीमुळंच! कापूस वेचून अंग ठणकतं, खरं आहे. पण दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या रोज घेतल्या, तर त्याही किडनीला बाधतात. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.