खरुची आणि खाणकामगाराचा मुलगा

मंडळी, येडशीच्या रामलिंगाला तुमच्यापैकी पुष्कळजण गेले असतील. रावणाशी झुंजलेल्या जटायूची आठवण लोक तिथं सांगतात. पाखरानं माणसासाठी जीव दिला, ही गोष्ट आपण लेकरांना सांगतो. आज आम्ही दुसरी गोष्ट सांगतो. ती खरी घडलेली आहे. तिच्यात पाखरानं एका मुलाला उभं केलं.

हिवाळ्यात ज्वारी उभी असते, तेव्हा माळावर जरा वर बघा. एक लहानसा शिकारी पक्षी आभाळात एकाच जागी पंख फडफडवीत थांबतो. मग झपकन खाली येतो आणि उंदीर नाहीतर नाकतोडा उचलतो. म्हणजे तो आपल्या रानाचा राखणदारच. पुस्तकांत त्याला खरुची म्हणतात.

हा पक्षी इंग्लंडातही आहे. तिथं बार्न्सली गावाजवळ कोळशाच्या खाणी होत्या. एका खाणकामगाराचे दोन मुलगे, बॅरी आणि रिचर्ड हाइन्स. त्या काळी तिथं अकराव्या वर्षी एक परीक्षा असे. पास झाला तो वरच्या शाळेत, नापास झाला तो साध्या शाळेत. थोरला बॅरी पास झाला. धाकटा रिचर्ड नापास झाला. अकरा वर्षांच्या पोरावर 'ढ' म्हणून शिक्का बसला.

गावाजवळच्या एका पडक्या वाड्यात खरुचीचं घरटं होतं. रिचर्डनं पिल्लू आणलं. त्याला शिकवायचं कसं? त्यासाठी तो जुनी, अवघड पुस्तकं वाचू लागला. गरज लागली की वाचन येतं, हे तुम्हांला वेगळं काय सांगावं!

शिकवायची रीत अशी. हातात मोजा घालायचा, त्यावर मांसाचा तुकडा धरायचा. आधी पाखरू वीतभरावरून येतं. मग दोरी लांब करीत जायचं. शेवटी दोरी सोडायची. आता पाखरू मोकळं. जायचं तर जाईल. मारलं, दरडावलं, तर ते परत येणार नाही. माया आणि धीर असेल तरच येतं.

पुढे बॅरीनं यावरून कादंबरी लिहिली. ती 1968 साली निघाली. 1969 साली तिच्यावर 'केस' नावाचा चित्रपट आला. त्यातले पक्षी रिचर्डनंच शिकवले. नापास ठरलेल्या या मुलानं पुढे माहितीपट काढले, विद्यापीठात शिकवलं आणि 2016 साली स्वतःची हकिगत पुस्तकात लिहिली.

आपल्या शेजारच्या सोलापुरातही 1932 साली असंच एक पक्षीवेडं मूल जन्मलं, मारुती चितमपल्ली. त्यांनी वनखात्यात नोकरी केली, पक्ष्यांवर ग्रंथ लिहिले. 2006 साली ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

एक मात्र ध्यानात ठेवा. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं रानपाखरू धरायला, पाळायला बंदी आहे. पिंजऱ्यातला पोपटसुद्धा गुन्हाच. पिल्लू घरट्यातच राहू द्यावं. पाहायला मनाई नाही.

तेव्हा तुमचं पोर शेळ्या विसरून घरट्याकडे बघत बसलं, तर लगेच हात उगारू नका. जवळ बसवा. 'काय पाहिलंस रे?' असं विचारा. ते सांगेल ते वहीत तारीख घालून लिहा. तुम्हांला आता लिहिता येतं.