मालकी आणि वहिवाट



समुद्रकाठच्या घरादाराविषयी पांढरकवड्याच्या माणसाने बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. आमच्या केळापूर तालुक्यातून हैदराबाद जवळ आणि मुंबई लांब. भरती-ओहोटी हे शब्द आम्हाला शाळेच्या पुस्तकात भेटले. पण जमिनीचा कागद म्हणजे काय, हे आम्हा कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या माणसांना कुणी शिकवावे लागत नाही. सातबारा ज्याच्या नावाचा, शेत त्याचे. आणि दुसऱ्याच्या धुऱ्यावरून आपली बंडी नेण्याचा जो वर्षानुवर्षांचा रिवाज, ती वहिवाट. पहिल्या गोष्टीसाठी माणसे कोर्टात जातात, दुसरीसाठी कधी कधी डोकीही फुटतात. मालकी आणि वहिवाट या दोन शब्दांच्या आधाराने मला आज मुंबईच्या आणि कोकणच्या कोळीवाड्यांविषयी बोलायचे आहे.

शब्दांशीच माझा संबंध, म्हणून आधी शब्दांचे सांगतो. मालक, मिळकत, मालमत्ता, हक्क, कब्जा, दस्तऐवज हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. दरबारातून कचेरीत आणि कचेरीतून आपल्या ओसरीवर येऊन बसले. वहिवाट हा शब्द मात्र घरचा. त्यात वाट आहे. पायांनी चालून चालून पडलेली. किनाऱ्यावरचा ‘नाखवा’ हाही मूळचा फारसी ‘नाखुदा’. इथे खुदा म्हणजे देव नव्हे, धनी. नाखवा म्हणजे नावेचा धनी. पण हा धनीही एकटा धनी नसतो. मासळी आली की तिचे वाटे पडतात. नावेचा वाटा, जाळ्याचा वाटा, हातांचा वाटा. मालकी आणि मेहनत यांचा हिशेब तिथल्या तिथे होतो.

आता कोळ्याचे घर पाहा. शेतकऱ्याचे घर गावात आणि शेत शिवारात असते. दोन्हींचे कागद वेगवेगळे. कोळ्याच्या घराला चार भिंती असतात, पण घराचा निम्मा भाग भिंतींच्या बाहेर असतो. दारापुढे जाळी विणायची आणि उसवलेली सांधायची. वाळूत होडी ओढायची, पावसाळ्यात ती शाकारून ठेवायची. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घालायचे. तिथून पुढे पाण्यातली वाट, खडक चुकवून खोल समुद्रात नेणारी. पश्चिम किनाऱ्यावर केंद्र सरकारच्या आदेशाने १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस मासेमारी बंद असते, तेव्हा या साऱ्या होड्यांना उभे राहायला जागा लागते. ती जागा काढून घेतली तर घर शाबूत राहील, पण त्या घरात राहणाऱ्याचा धंदा राहणार नाही.

कागदावर यातले काय दिसते? चार भिंतींचेही नीट दिसत नाही. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. जिथे नगर भूमापन झाले, तिथे मालमत्ता पत्रक असते. त्यावर पुष्कळदा आजोबा-पणजोबांचे नाव असते आणि आज त्या घरात चार चुली. राज्यातल्या गावठाणांची ड्रोनने मोजणी करण्याचा प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावी झाला आणि २०२० साली केंद्राने स्वामित्व योजना देशभरासाठी जाहीर केली. पण ही योजना ग्रामीण गावठाणांची. महानगराने गिळलेल्या कोळीवाड्यांची सीमा आखून द्या, ही मागणी तिथले लोक वर्षानुवर्षे करीत आले आहेत. सीमा नसली की काय होते? दाटीवाटीची जुनी वस्ती पाहून तिच्यावर झोपडपट्टीचा शिक्का बसू शकतो. मुंबईत काही कोळीवाड्यांच्या बाबतीत तसे झाले आणि रहिवाशांनी हरकत घेतली. शहराच्या आधीपासून जे राहत होते, त्यांनाच ‘तुम्ही इथे केव्हापासून’ असे विचारले जाते.

शीवच्या बाजूला एका रेल्वे स्थानकाचे नाव पूर्वी कोळीवाडा होते. आता ते गुरू तेग बहादूर नगर आहे. शीव कोळीवाड्याच्या आसपास आज समुद्र दिसत नाही. भर पडत गेली आणि पाणी दूर गेले. घरे तिथेच राहिली, वहिवाट मिटली. मालकी शिल्लक असूनही माणसाचे काय जाऊ शकते, हे समजायला एवढे उदाहरण पुरे आहे.

दुसरीकडे किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या बांधकामावर बंधने आली. किनारा वाचवण्यासाठी ती हवीच होती. पण कोळ्याचे घर नियमाच्या आधीचे. मुलाचे लग्न झाले, एक खोली वाढवायची, तर परवानगीचा प्रश्न. २०११ च्या अधिसूचनेत मुंबईच्या कोळीवाड्यांचा वेगळा विचार झाला. २०१९ मध्ये दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामास मनाई असलेला पट्टा पन्नास मीटरांवर आला. घर वाढवू पाहणाऱ्याला दिलासा मिळाला, आणि त्याच दारातून हॉटेलवाला आणि बिल्डरही आत येऊ शकतो. नियम कडक असला तरी कोळी अडतो, सैल झाला तरी त्याच्या वाळूवर दुसऱ्याचा डोळा.

वरळीची गोष्ट आपण वर्तमानपत्रांत वाचली असेल. सागरी किनारा मार्ग वांद्रे-वरळी सेतूला जोडताना पुलाचे खांब नेमके वरळीच्या कोळ्यांच्या जाण्या-येण्याच्या वाटेत येत होते. आराखड्यात दोन खांबांमधले अंतर सुमारे साठ मीटर होते. कागदावर ते भरपूर वाटते. पण वारा सुटलेला, लाटा उसळलेल्या, अशा वेळी होडी रस्त्यावरच्या मोटारीसारखी रेषेत चालत नाही. मच्छीमारांनी काम अडवले, अभ्यासकांना सोबत घेतले, बोलणी केली. २०२२ च्या अखेरीस एकशे वीस मीटर अंतर मान्य झाले. त्यांची मागणी याहून मोठी होती, पण एवढे तरी पदरात पडले. त्या वाटेचा सातबारा कुणाकडे नव्हता. तरीही ती वाट होती, हे शेवटी सरकारला मान्य करावे लागले. प्रत्येक कोळीवाड्याने प्रत्येक वेळी इतकी वर्षे झगडायचे का, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न एका जातीचा किंवा धर्माचा नाही. किनाऱ्यावर हिंदू कोळी आहेत, वसईकडे ख्रिस्ती कोळी आहेत, रत्नागिरीकडे दालदी मुसलमान पिढ्यान् पिढ्या दर्यावर जातात. भरती यायची ती सगळ्यांच्याच दारी येते.

यावर उपाय काय? आमच्या विदर्भात एक जुनी सोय आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत खास विदर्भासाठी दोन नोंदी ठेवल्या आहेत. एक ‘निस्तार पत्रक’. गावच्या मोकळ्या जमिनीत गुरे कुठे चारावीत, सरपण कुठून आणावे, ते त्यात लिहायचे. दुसरी ‘वाजिब-उल-अर्ज’. शब्दशः अर्थ, मांडण्याजोगे म्हणणे. वाटेचा, पाण्याचा आणि मासे धरण्याचासुद्धा गावचा रिवाज तिच्यात नोंदवायचा. ही नोंद सरकारी मालकीच्या पाण्याला लागू नाही, त्यामुळे समुद्राला ती जशीच्या तशी चालणार नाही. पण तिच्यामागचा विचार चालेल. कायद्याला रिवाज लिहिता येतो, हे तिने दाखवले आहे.

दुसरे उदाहरण जंगलाचे. आमच्या भागात कोलामांचे पोड आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावर जगणाऱ्यांचे सामूहिक हक्क मानले. त्यात पाणवठ्यातली मासळीही आली. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली असा हक्क मिळाला. जंगल सरकारचेच राहिले, पण गावाची वहिवाट कागदावर आली. जंगलाला जे मिळाले, ते किनाऱ्याला का मिळू नये?

कुणी म्हणेल, कोळ्यांची मुले आता नोकऱ्या करतात, त्यांनाही मोठी घरे हवीत. हवीतच. घर ज्याचे, त्याने ते वाढवावे, विकावे. तो त्याचा अधिकार. पण जाळी सुकवायची वाळू, होड्या लावायचा किनारा आणि खाडीतून बाहेर पडणारी वाट कुणा एकाची नाही, म्हणून कुणा एकाला ती विकता येऊ नये आणि सरकारलाही न विचारता ती घेता येऊ नये.

म्हणून कोळीवाड्याची मोजणी होईल तेव्हा मोजणीदाराने भिंतीपाशी साखळी थांबवू नये. सोबत एक तांडेल घ्यावा, बाजारात मासळी विकणारी एखादी जाणती बाई घ्यावी. ती दोघे दाखवतील तो वाळूचा तुकडा, तो मांडव, ती पाण्यातली वाट नकाशावर घ्यावी. घराच्या मालकीची नोंद व्हावी आणि तिच्याच शेजारी गावच्या वहिवाटीचीही व्हावी.