काढा कधी उकळायचा आणि डॉक्टरकडे कधी पळायचं

माझा आवाज आज थोडा बसलेला आहे, पण विषयच सर्दी आणि घशाचा असल्यामुळे म्हटलं, आजच रेकॉर्ड करून टाकू.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, मी रेवसचा. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडली की जिथं उतरता, ते रेवस. समोर करंजा, बाजूला धरमतरची खाडी, आणि पावसाळा सुरू झाला की अख्ख्या गावाची नाकं एकदम वाहायला लागतात. मी बीटेक केलंय, नोकरी सॉफ्टवेअरची. डॉक्टर नाही, वैद्यही नाही. पण घरातल्या ग्रुपवर रोज 'हे प्या, ते हुंगा' असे फॉरवर्ड यायला लागले, तेव्हा म्हटलं, एकदा नीट शोधून बघू. आजीच्या डब्यातलं कुठलं औषध खरंच काम करतं, कुठलं नुसतं बरं वाटायला असतं, आणि कुठलं धोक्याचं आहे. हे तिन्ही प्रकार त्याच डब्यात असतात. आजचा भाग त्याचाच.

आधी दोन मिनिटं सर्दीविषयी. साधी सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. त्यातला सगळ्यात जास्त भेटणारा म्हणजे रायनोव्हायरस. आपली सर्दी साधारण सात ते दहा दिवसांत आपोआप जाते, खोकला मात्र थोडा जास्त रेंगाळतो. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, हाही गैरसमज आहे. रंग बदलतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर बग दुरुस्त करायचं काम तुमची प्रतिकारशक्ती करते. काढा, गुळण्या, मध हे सगळे वर्कअराउंड आहेत. दुरुस्ती होईपर्यंत सिस्टीम चालू राहिली पाहिजे ना? तेवढ्यासाठी. वर्कअराउंडला कमी लेखू नका, पण त्याला दुरुस्तीही समजू नका.

आता एकेक घेऊ.

पहिला नंबर मिठाच्या गुळण्यांचा. आमच्या समोरच्या उरण-पेण पट्ट्यात मिठागरं, त्यामुळे मीठ आमच्याकडे कधी महाग वाटलंच नाही. पेलाभर कोमट पाणी, त्यात पाव ते अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा. घशाची सूज आणि खवखव कमी वाटते. २०१९ मध्ये एडिंबरामध्ये ६६ लोकांवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात मिठाच्या पाण्यानं नाक धुणाऱ्या आणि गुळण्या करणाऱ्यांची सर्दी सरासरी जवळपास दोन दिवस लवकर संपली. प्रयोग छोटा आहे, म्हणून त्यावर उड्या मारू नका. पण खर्च शून्य, धोका जवळजवळ शून्य. नाक धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, थेट नळाचं नको.

दुसरा नंबर मधाचा. आल्याचा रस आणि मध यांचं चाटण तुमच्याकडेही असेलच. यात खरा हिरो मध आहे. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी मधावरचे १४ अभ्यास एकत्र तपासले. खोकला कमी व्हायला मध नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस दिसला. इंग्लंडमध्ये तर २०१८ पासून साध्या खोकल्याला अँटिबायोटिकऐवजी आधी मध घेऊन बघा, अशी अधिकृत सूचना आहे. झोपताना एक चमचा पुरे. फक्त एक नियम पाठ करा. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही. बोटाला लावून चाटवायचा पण नाही. मधात बोट्युलिझम करणाऱ्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या पोटात ते वाढत नाहीत, बाळाच्या आतड्यात वाढतात आणि बाळ लुळं पडू शकतं. मोठी माणसं म्हणतील, 'आम्ही तर सगळ्यांना चाटवला.' वाद घालू नका, फक्त बाटली वरच्या फळीवर ठेवा.

तिसरं म्हणजे गरम पिणं. गवती चहा, आलं, तुळस, दोन मिरी. आणि आमच्या आगरी-कोळी घरांत सर्दीवरचं खरं औषध म्हणजे चिंबोरीचा झणझणीत रस्सा. 'गरम गरम पी आन् गप झोप,' एवढंच आजीचं प्रिस्क्रिप्शन. गंमत बघा, २००८ मध्ये कार्डिफ विद्यापीठात सर्दी झालेल्या ३० जणांवर एकच फळांचं सरबत गरम आणि साधं अशा दोन प्रकारांनी तपासलं. गरम प्यायल्यावर वाहतं नाक, खोकला, शिंका, घसा, थंडी वाजणं, सगळ्यालाच लगेच आराम वाटला. सरबत तेच होतं! म्हणजे निम्मं काम नुसत्या उष्णतेचं आणि चवीचं. तेव्हा काढ्यात सतरा वस्तू घालायची गरज नाही. चिंबोरी परवडत नसेल तर कुळथाचं कढण घ्या, तेही चालेल.

चौथं, हळदीचं दूध. इथं थोडं थांबतो, कारण हळदीशी आपला अभिमान जोडलेला आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीनं जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं. आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली, जुने लेखी पुरावे पुढे ठेवून आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. अभिमान वाटायलाच हवा. पण ती लढाई 'हे ज्ञान आमच्याकडे आधीपासून होतं' याची होती. 'हळदीनं सर्दी जाते' हे त्यातून सिद्ध झालं नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के, आणि तेही पोटातून रक्तात फार कमी जातं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिरीतल्या पायपरीनबरोबर ते शोषण वीसपट वाढतं. म्हणजे दुधात मिरपूड घालणारी आजी हुशारच होती. तरी कपभर दुधातली मात्रा छोटीच. झोपताना प्या, छान वाटतं, झोप लागते. दुधानं कफ वाढतो म्हणून घाबरू नका. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात रायनोव्हायरसची लागण केलेल्या लोकांवर हे तपासलं होतं, दूध पिण्याचा आणि कफाचा संबंध सापडला नाही.

पाचवा, अडुळसा. हे ऐकून मी स्वतः चकित झालो. मेडिकलमध्ये कफ पातळ करायला ब्रोमहेक्सिन नावाचं औषध मिळतं ना, ते अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून बनवलेलं आहे. म्हणजे कुंपणावरचं झुडूप आणि मेडिकलमधली बाटली, चुलत भावंडंच म्हणा. पण ज्याच्यात खरं औषध असतं, त्याला दुष्परिणामही असतात. व्हॅसिसिननं गर्भाशय आकुंचन पावू शकतं, त्यामुळे गरोदर बाईनं अडुळशाचा काढा घ्यायचा नाही.

इथून आपण धोक्याच्या बाजूला वळलोय, तर तेही बोलून घेऊ.

वाफ. नाक मोकळं वाटतं, पण सर्दी लवकर जाते याचा ठोस पुरावा नाही. आणि उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडून मुलं भाजण्याचे प्रकार जगभर नोंदले गेलेत. लहान पोराला मांडीवर घेऊन टॉवेलखाली बसवू नका. आंघोळीच्या गरम पाण्याची वाफ त्याला पुरते. पुदिन्यातल्या मेंथॉलनं तर नाक उघडतही नाही, थंडी ओळखणाऱ्या नसा फक्त तसं भासवतात.

कापूर-लवंग-ओव्याची पुरचुंडी. २०२१ मध्ये 'हुंगल्यावर ऑक्सिजन वाढतो' म्हणून ही घराघरात पोचली. ऑक्सिजन वाढत नाही. वर कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर आकडी येऊ शकते.

आणि गुळवेल. कोरोनाच्या काळात लोक ती रोज, महिनोन्‌महिने प्यायला लागले. २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांना आढळले, सहाही जण गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयानं हा निष्कर्ष मानला नाही. वनस्पती तीच होती का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी होती, हे तपासलं नाही, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही कुणाचंही माना, आपल्यासाठी धडा एकच. वेल ओळखता येत नसेल तर तोडू नका, आणि सर्दीचा काढा रोजचा चहा करू नका.

'मग बाटलीतलं औषधच बरं,' असंही नाही. ऑक्टोबर २०२५ आठवा. छिंदवाड्यात विषारी कफ सिरपनं लहान मुलं दगावली, त्यातल्या कितीतरी मुलांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्याच वेळी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायची नाहीत, आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. म्हणजे लहानग्यांसाठी भरपूर पाणी, पेज, आराम, आणि वर्षाच्या वर असेल तर मध, हीच खरी पहिली पायरी आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि खरं तर हा भाग मी याच्यासाठीच केलाय.

माझ्या चुलत बहिणीला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. लहानपणी तिचा घसा दुखायचा, ताप यायचा, घरातले उपाय व्हायचे, चार दिवसांत ती पुन्हा उड्या मारायची. कुणाचाच दोष नाही, सगळ्यांच्या घरी असंच चालतं. नंतर सांधे सुजले, धाप लागायला लागली, आणि कळलं की हृदयाची झडप खराब झालीय. याला म्हणतात संधिवाताचा ताप, रुमॅटिक फीवर.

ते कसं होतं? बहुतेक घसेदुखी विषाणूची असते. पण काही वेळा, विशेषतः पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत, ती स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूची असते. घसा आपोआप बराही होतो. पण दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयावर हल्ला करते. दिलासा हा की घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन सुरू झालं तर हे टाळता येतं. साध्या, जुन्या, स्वस्त पेनिसिलीननं! फक्त कोर्स पूर्ण करायचा.

ओळखायचं कसं? नाक वाहतंय, शिंका, खोकला आहे, तर बहुधा साधी सर्दी. पण एकदम ताप, गिळताना खूप दुखणं, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेत दुखऱ्या गाठी, आणि खोकला मात्र नाही, अशी जोडी जमली तर काढा बाजूला ठेवा आणि मुलाला डॉक्टरकडे न्या. मोबाईलची टॉर्च लावून घसा बघायला अर्धं मिनिट लागतं.

आणखी काही खुणा. ताप तीन दिवसांच्या वर. दम लागणं. लाळही गिळता न येणं किंवा तोंड न उघडणं. अगदी तान्हं बाळ. आणि आपल्या भागासाठी खास: लावणीच्या दिवसांत चिखलात काम केलेल्या माणसाला ताप आला, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल आहेत, पण नाक वाहत नाही, तर ती सर्दी नाही. लेप्टो असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना. रेवसहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. रात्री वाहन मिळत नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच सांगतो, उजेड असताना निघा.

तर मंडळी, मीठ, मध, गरम रस्सा आणि झोप बिनधास्त घ्या. त्यांना त्यांच्या वाटचे तीन-चार दिवस द्या. त्यापुढचे दिवस त्यांचे नाहीत. हा भाग घरातल्या त्या ग्रुपवर नक्की टाका, जिथं रोज सकाळी नवा काढा येतो. आणि तुमच्याकडे सर्दीला काय करतात ते मला कळवा, चिंबोरीला टक्कर देणारं काही असेल तर खासच. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात!